मॉड विकायचे तर विका, पण मग गल्ल्यावर बसा: गेम प्रकाशकांना खुलं पत्र

गेम प्रकाशित करणाऱ्या कंपन्या आणि गेमची ऑनलाइन दुकानं चालवणारी मंडळी यांस,

स. न. वि. वि.

चाहत्यांनी बनवलेले मॉड, म्हणजे गेममध्ये बदल किंवा भर घालणाऱ्या फाइली, पैसे घेऊन विकावेत की नाही, हा वाद ठरावीक काळाने नव्याने पेटतो आणि दर वेळी लोक त्याच दोन बाकांवर जाऊन बसतात. एका बाकावरचे म्हणतात, मॉड ही हौस आहे, हौसेचं दुकान मांडू नका. दुसऱ्या बाकावरचे म्हणतात, खेळाडूंना सगळं फुकट हवं असतं, मग महिनोन्‌महिने राबणाऱ्या मॉडरने काय हवा खाऊन जगायचं? भांडण रंगात येतं, आणि तुम्ही मात्र दोन्ही बाकांच्या मधून गल्ला काखेत मारून निघून जाता. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी मॉड वापरणारा आहे, अधूनमधून छोटेमोठे बनवणाराही. मॉडरला पैसे मिळावेत असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे विक्रीलाच माझा विरोध आहे असं कृपया धरून चालू नका. माझा विरोध आहे तो मॉडच्या किमतीतला वाटा उचलायचा आणि त्या मॉडची जबाबदारी मात्र झटकायची, या तुमच्या रीतीला.

२०१५ चा एप्रिल तुमच्या लक्षात असेलच. २३ तारखेला स्टीम हे ऑनलाइन दुकान चालवणारी व्हॉल्व आणि 'स्कायरिम' गेमची प्रकाशक बेथेस्डा यांनी मिळून स्टीम वर्कशॉप या मॉडच्या विभागावर 'स्कायरिम'चे मॉड विकायला सुरुवात केली आणि २७ तारखेला सगळं गुंडाळून खरेदीदारांचे पैसे परत केले. मधल्या दिवसांत निषेधाच्या अर्जावर लाखाहून जास्त सह्या झाल्या, मॉड विकायला ठेवणाऱ्यांना शिव्याशाप मिळाले, खुद्द व्हॉल्वचे प्रमुख गेब न्यूएल रेडिटवर येऊन प्रश्नांना उत्तरं देत बसले. माघार घेताना व्हॉल्वने कबूल केलं की आपण नेमकं काय करतो आहोत हेच आपल्याला नीट उमगलं नव्हतं.

त्यातून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जो धडा घेतला तो मला चुकीचा वाटतो. तुम्हाला वाटलं, खेळाडू मॉडसाठी पैसे द्यायला तयार नाहीत; तेव्हा पुढच्या वेळी हळूहळू, वेगळ्या नावाने, जरा गोडीगुलाबीने न्यावं. पण त्या योजनेची कलमं एकदा शांतपणे वाचा. किमतीतले ३० टक्के दुकानाचे, ४५ टक्के प्रकाशकाचे, उरलेले २५ टक्के बनवणाऱ्याचे. बनवणाऱ्याच्या नावावर १०० डॉलर जमल्याशिवाय त्याच्या हातात दमडी पडणार नाही, म्हणजे आधी ४०० डॉलरची विक्री व्हायला हवी. घेणाऱ्याला पैसे परत मागायला २४ तास. आणि त्यानंतर एखाद्या अपडेटमुळे किंवा दुसऱ्या मॉडशी पटलं नाही म्हणून तो बिघडला तर? दुकानाचा सल्ला असा होता की मॉडच्या पानावर जाऊन बनवणाऱ्याला नम्रपणे कळवावं.

हे 'नम्रपणे' मला अजून आठवतं. पाऊण हिस्सा घेणारे दोघे घरी निवांत, आणि तक्रारींना तोंड द्यायला पाव हिस्सेवाला एकटा दारात उभा. शिवाय तो बहुतेक वेळा नोकरी किंवा शिक्षण सांभाळून रात्री जागणारा माणूस. त्याला ना कोणी ग्राहकसेवेचं प्रशिक्षण दिलेलं, ना गेमचा सोर्स कोड हाताशी. लोक भडकले ते किमतीवर, असं वरवर दिसलं खरं. पण किंमत द्यायची आणि विचारायला कोणी नाही, हे त्या रागाच्या मुळाशी होतं.

असं मी कशावरून म्हणतो? व्हॉल्वचंच दुसरं उदाहरण शेजारी ठेवून बघा. 'टीम फोर्ट्रेस २' मधल्या टोप्या, 'डोटा २' मधले पोशाख, 'काउंटर-स्ट्राइक'मधल्या बंदुकांचे स्किन (वरची रंगसजावट) हेही खेळाडूंनीच बनवलेले आणि पैसे घेऊन विकलेले. २०१५ च्या सुरुवातीला व्हॉल्वने सांगितलं होतं की २०११ पासून अशा कामातून १,५०० हून जास्त जणांना मिळून ५.७ कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम दिली गेली. टोपी बनवणाऱ्याचा वाटासुद्धा पावच होता. तरी बंड झालं नाही. का, तर टोपी एकदा निवडली गेली की ती गेमचा भाग व्हायची. पुढच्या अपडेटनंतर ती पात्राच्या कपाळात रुतायला लागली, तर ते निस्तरणं व्हॉल्वचं काम. टोपी चोरीच्या मॉडेलवरून बनवल्याचं निघालं, तर ती काढणं आणि पैशांचं बघणंही व्हॉल्वचंच. टक्केवारी तीच, देणारे लोक बरेचसे तेच, फरक इतकाच की टोपीच्या मागे मालक उभा होता आणि मॉडच्या मागे कोणी नव्हतं.

टोपी आणि मॉड यांत आणखी एक मोठा फरक आहे आणि तुमच्या वकिलांना तो दिसत नाही असं वाटतं. मॉड एकटा नसतो. समजा कोणी एक नवा शस्त्रसंच बनवला. शस्त्र फिरवण्याची हालचाल दुसऱ्या कोणाच्या ॲनिमेशनच्या साधनातून येते. सेटिंगचा मेनू तिसऱ्याच्या इंटरफेस मॉडमध्ये दिसतो. कोड चालतो तो चौथ्या गटाने बांधलेल्या स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर, म्हणजे गेमच्या कोडला जादा क्षमता जोडणाऱ्या साधनावर. टेक्स्चरचा, म्हणजे वस्तूंवर चढवायच्या चित्रांचा, पाया पाचव्या कोणीतरी 'खुशाल वापरा, फक्त नाव द्या' म्हणून सोडून दिलेला असतो. बिघाड कुठे आहे ते शोधून देणारे, दहा वेगवेगळ्या मॉडसोबत चालवून बघणारे आणखी वेगळेच. ही सगळी उतरंड वर्षानुवर्षं टिकली, कारण तिच्यात कोणीच कोणाकडून पैसे घेत नव्हतं. परवानगीचा कागद कधी लागलाच नाही. वरच्या एकाने किंमत लावली की खालच्या सगळ्यांचं काम त्यांना न विचारता त्याच्या भांडवलात जमा होतं, आणि त्याच्यामार्फत तुमच्या.

२०१५ मध्ये नेमकं हेच घडलं. विक्रीला ठेवलेला मासेमारीचा एक मॉड सुरू झाल्याझाल्याच खाली उतरवावा लागला. तो दुसऱ्या एका मॉडरच्या फुकट ॲनिमेशन-साधनावर उभा होता आणि त्या मॉडरला हे मान्य नव्हतं. बनवणाऱ्याचं म्हणणं असं की, 'वेगळं आणि फुकट डाउनलोड करता येत असेल तर आधार घ्यायला हरकत नाही' हे त्याला कंपनीकडूनच सांगण्यात आलं होतं. म्हणजे सल्ला तुमचा, नाचक्की त्याची. कोणीतरी आपलं काम उचलून विकेल या धास्तीने त्या दिवसांत अनेकांनी आपले जुने फुकट मॉड लपवून टाकले, ते वेगळंच. वर्षानुवर्षांचा भरवसा मोडायला चार दिवस पुरले.

आता अपडेटचं बोलू, कारण जबाबदारीचा खरा कस तिथे लागतो. 'स्कायरिम' निघाला २०११ मध्ये. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची ॲनिव्हर्सरी आवृत्ती आली, डिसेंबर २०२३ मध्ये 'क्रिएशन्स' नावाचं नवं मॉड-दुकान घेऊन आणखी एक अपडेट आलं. दोन्ही वेळा गेमची मूळ फाइल बदलली, स्क्रिप्ट एक्स्टेंडर बंद पडला आणि त्याच्यावर टेकलेले मॉड पत्त्यांसारखे कोसळले. ज्यांनी ते परत उभे केले त्यांना कोणी पगार देत नव्हतं. दुसऱ्या वेळचं अपडेट तर मॉड विकण्यासाठीच आलं होतं, म्हणजे विकतच्या मॉडचं दुकान उघडताना फुकटच्या मॉडची दारं तुटली. मुद्दाम तोडली असं मी म्हणत नाही. पण तुटतील हे आधीच ओळखता आलं असतं, एवढं तरी मान्य करा.

'फॉलआउट: लंडन'चं उदाहरण तर ताजंच म्हणायचं. आख्खा वेगळा गेम वाटावा एवढा मोठा मॉड, फुकट, वर्षानुवर्षं खपून बनवलेला. २३ एप्रिल २०२४ ला तो यायचा ठरलं होतं. त्याच आठवड्यात, २५ एप्रिलला, बेथेस्डाने 'फॉलआउट ४'चं मोठं अपडेट काढायचं जाहीर केलं. त्या बिचाऱ्या टोळीला सगळं थांबवावं लागलं आणि मॉड आला तो थेट २५ जुलैला. हा मॉड फुकट होता म्हणून गोष्ट हळहळीवर निभावली. लोकांनी त्यासाठी आगाऊ पैसे भरले असते तर? तीन महिने कोणी कोणाला उत्तरं दिली असती?

विकतच्या मॉडमध्ये एक प्रकार असा आहे की ज्यावर तुम्ही एक पैही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, तो म्हणजे दुरुस्तीचा मॉड. 'स्कायरिम'चा मूळ मेनू कीबोर्ड-माउसवर खेळणाऱ्यांसाठी किती गैरसोयीचा होता हे ज्यांनी तो वापरला त्यांना ठाऊक आहे. तो 'स्कायUI' नावाच्या मॉडने सुधारला, आणि पुढे असंख्य मॉड आपल्या सेटिंगसाठी त्याच्यावर अवलंबून राहिले. २०१५ च्या त्या योजनेत या मॉडची पाचवी आवृत्ती विकत येणार असं जाहीर झालं होतं. योजना बारगळल्यावर ती फुकट आली. ती विकली गेली असती तर काय झालं असतं याचा हिशोब करा. मेनू वाईट बनवला प्रकाशकाने, नीट केला दुसऱ्याने, आणि नीट केल्याच्या किमतीतले ४५ टक्के पुन्हा प्रकाशकाला. चुकीचं बक्षीस म्हणतात ते याला! ज्या दिवशी तुमच्या गेममधल्या खोटीवर तुम्हाला कमिशन मिळायला लागेल, त्या दिवसापासून ती खोट काढायची घाई तुम्हाला उरणार नाही. तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे. हिशोबाची वही तसंच सुचवेल.

'स्टारफील्ड' सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा त्यात एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांवर गेम जास्त वेगाने चालवणारी डीएलएसएस सोय नव्हती. लगेच एका मॉडरने ती पैसे भरणाऱ्या सदस्यांसाठी, कुलूपबंद करून दिली. कुलूप फुटायला वेळ लागला नाही आणि दुसऱ्या कोणीतरी फुकटचा पर्यायही काढला. नोव्हेंबरमध्ये कंपनीने स्वतःच ती सोय गेममध्ये घातली. त्या मॉडरवर लोकांनी खूप तोंडसुख घेतलं. मला त्याचं कुलूप आवडलं नाही, पण सगळ्यात मोठा दोष त्याचा होता असं मला वाटत नाही. पूर्ण किमतीच्या गेममधून जे गाळलं गेलं, त्याची ती पोकळी होती.

कायद्याच्या बाबतीत मी तुमच्याशी वाद घालणार नाही, कारण तिथे तुम्हीच जिंकता. 'ड्यूक न्यूकेम ३डी'च्या खेळाडूंनी बनवलेल्या ३०० लेव्हल इंटरनेटवरून गोळा करून एका कंपनीने सीडीवर विकल्या. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्या कंपनीविरुद्ध निकाल दिला: त्या लेव्हल म्हणजे मूळ गेमच्या गोष्टीचाच पुढचा भाग, आणि तो विकायचा हक्क मूळ मालकाचा. मॉड तुमच्या गेमवर उभा असतो हे कोणीच नाकारत नाही. गंमत एवढीच की त्या खटल्यात लेव्हल बनवणाऱ्या खेळाडूंना कोणी विचारलंच नाही. विकणारा कोण असावा यावर दोन कंपन्या भांडल्या. हक्क सगळे तुमच्याकडे आहेत म्हणूनच हे पत्र मॉडरांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. नियम बदलायची ताकद तुमच्याशिवाय कोणाकडे नाही.

आणि या हक्कांच्या जोरावर तुम्ही काय काय मिळवलंत तेही बघू. 'डूम' १९९३ मध्ये आला तेव्हा त्याचे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी गेमचं इंजिन आणि त्यातली चित्रं-नकाशे वेगवेगळ्या फाइलींत ठेवले, ते लोकांना बदल करता यावेत म्हणून. 'डूम'ची कंपनी आयडी सॉफ्टवेअरने मॉडरांना विनंती केली होती की तुमचे मॉड पूर्ण विकतच्या आवृत्तीवरच चालू द्या. साधा, न्याय्य सौदा: तुम्ही फुकट बनवा, त्यामुळे आमचा गेम खपेल. हा सौदा खूप काळ चालला. 'हाफ-लाइफ'वरचा 'काउंटर-स्ट्राइक' १९९९ मध्ये मॉड म्हणून आला, पुढच्याच वर्षी व्हॉल्वने तो विकत घेऊन बनवणाऱ्यांना कामावर ठेवलं. २०१२ मध्ये 'डेझी' मॉडसाठी लोकांनी तीन वर्षं जुना 'आर्मा २' इतका घेतला की तो विक्रीच्या यादीत वर चढला. 'वॉरक्राफ्ट ३' मधल्या खेळाडूंनी बनवलेल्या 'डोटा' नावाच्या एका कस्टम नकाशातून एक आख्खा खेळप्रकार जन्मला आणि त्यावर दुसऱ्या कंपन्या गब्बर झाल्या. ते बघून चुटपूट लागलेल्या मूळ कंपनीने, ब्लिझार्डने, २०२० मध्ये त्याच गेमची नवी आवृत्ती 'रीफोर्ज्ड' काढताना नियमांत लिहून टाकलं की यापुढे या गेममध्ये बनलेला प्रत्येक कस्टम गेम आमच्या मालकीचा. पुढचा 'डोटा' हातचा जाऊ नये म्हणून काढलेलं हे फर्मान. मी मॉडर असतो तर माझी पुढची चांगली कल्पना तिथे नक्कीच नेली नसती.

अपवाद आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर माझं म्हणणं एकांगी होईल. विमान उडवण्याच्या सिम्युलेटरांत विकतची विमानं आणि विमानतळ कित्येक वर्षांपासून आहेत. कधी एकेका विमानाची किंमत मूळ सिम्युलेटरपेक्षा जास्त असते आणि लोक ती खुशीने देतात. तिथे फुकटचंही भरपूर आहे आणि दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात. कारण विकणारी तिथे बहुधा छोटी का होईना, पण कंपनी असते. तिचा पत्ता असतो, मदतीची सोय असते, सिम्युलेटर बदलला की विमानाचं अपडेट काढायचं वचन असतं. 'माइनक्राफ्ट'ने २०१७ मध्ये मार्केटप्लेस काढलं ते बेडरॉक आवृत्तीवर, ठरवून निवडलेल्या निर्मात्यांसह. जुन्या जावा आवृत्तीवरच्या फुकट मॉडांना त्याने हात लावला नाही, आणि तिथला नियमही स्वच्छ आहे: स्वतः शून्यापासून बनवलेला मॉड तुमचा, फक्त तो विकू नका. 'फोर्टनाइट'मध्ये २०२३ पासून त्याची कंपनी एपिक निव्वळ उत्पन्नातले ४० टक्के खेळाडूंनी आणि एपिकने बनवलेल्या बेटांमध्ये, म्हणजे गेममधल्या छोट्या खेळांमध्ये, लोक किती रमतात त्या प्रमाणात वाटते. खेळणाऱ्याला प्रत्येक बेटासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. या तिन्ही ठिकाणी सगळं आलबेल आहे असं नाही. पण तिन्ही ठिकाणी अडचण आली तर कोणाचं दार वाजवायचं हे माहीत असतं.

२०१५ नंतर तुम्ही सुधारलात, हेही खरं. बेथेस्डाचा २०१७ चा क्रिएशन क्लब निवडक लोकांना करार करून, पैसे देऊन काम देत होता, आणि ते काम कंपनी तपासून घेत होती. जबाबदारीच्या बाजूने ते पाऊल बरोबर होतं. पण सोबत काय आलं? एक वेगळं नाणं आलं, ज्याचे गठ्ठे घ्यायचे आणि हव्या त्या वस्तूला नेमके पुरणार नाहीत अशा बेताने. फुकटचा मॉड लावला की अचिव्हमेंट्स (गेममधली पदकं) बंद, विकतचा लावला की चालू, असा दुजाभाव आला. मग २०२४ मध्ये 'स्टारफील्ड'ची एक छोटी मोहीम कंपनीने स्वतःच 'क्रिएशन्स' दुकानात जवळपास ७ डॉलरला ठेवली आणि एवढा गदारोळ झाला की गेमचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांना किमतींचा फेरविचार करू म्हणावं लागलं. मॉडरांसाठी म्हणून मांडलेल्या दुकानात मालकच महाग माल घेऊन बसला तर लोक संशय घेणार नाहीत तर काय?

ईएने 'द सिम्स ४'साठी २०२२ मध्ये जो तोडगा काढला तो मला अर्धा आवडतो. मॉड फुकटच असला पाहिजे, पण पैसे देणाऱ्या समर्थकांना तो काही काळ आधी देता येईल; 'वाजवी' मुदतीनंतर तो सगळ्यांना खुला करायचा. कल्पना छान. पण वाजवी म्हणजे किती दिवस, हे सांगायचं राहून गेलं, त्यामुळे काहींचं 'आधी' कधी संपतच नाही. आणि नियम पाळला जातो की नाही हे बघायला कंपनी फारशी फिरकत नाही, ते काम खेळाडू एकमेकांशी भांडून करतात. नियम करून पाठ फिरवणं हीसुद्धा जबाबदारी झटकणंच झालं. गाड्यांच्या शर्यतींच्या गेममध्ये तर दुसऱ्याच गेममधून उपसलेली गाड्यांची मॉडेलं सर्रास पैसे घेऊन विकली जातात, आणि त्यामुळे जो प्रामाणिकपणे शून्यापासून गाडी घडवतो त्याची किंमत पडते.

आमच्या बाजूचंही थोडं बोलायला हवं. २०१५ मध्ये जे मॉडर विकायला पुढे आले त्यांना काही खेळाडूंनी ज्या भाषेत झोडपलं ती लाजिरवाणी होती. वर्षभर एखाद्याचं काम फुकट वापरायचं आणि त्याने एकदा हात पुढे केला की गद्दार म्हणायचं, यात कसली तत्त्वनिष्ठा? देणगीचं बटण असतं तिथेही देणारे मूठभर असतात. बेथेस्डाने तेव्हा सांगितलं होतं की 'स्कायरिम' खेळणाऱ्यांपैकी फक्त ८ टक्क्यांनी कधी मॉड वापरला आणि बनवणारे तर १ टक्क्याहूनही कमी. एवढ्या थोड्या माणसांच्या जिवावर गेम वर्षानुवर्षं जिवंत राहतात, तेव्हा त्यांच्या हातावर काही पडावं ही मागणी मुळीच वावगी नाही. नेक्सस मॉड्स या मॉड डाउनलोड करण्याच्या साइटने २०१८ पासून डाउनलोडच्या प्रमाणात मॉडरांना वाटण्यासाठी एक निधी ठेवला आहे. रक्कम फार मोठी नसेल, पण त्यात कोणाचाही मॉड कुलपात जात नाही आणि उतरंडीतल्या खालच्या माणसालाही काहीतरी मिळतं. तुमच्या नफ्यातून असा निधी उभा करायला तुम्हाला कोणी अडवलं आहे? 'आर्मा'ची कंपनी बोहेमिया इंटरॅक्टिव्हने 'आर्मा ३'च्या मॉडसाठी ५ लाख युरोंची स्पर्धा घेतली होती. तिने 'आर्मा'चं काही बिघडल्याचं मी ऐकलं नाही.

तर मागणं हे आहे. मॉडच्या किमतीतला एक टक्का जरी घेणार असाल, तर त्या मॉडचे विक्रेते तुम्ही. तुमच्या अपडेटने तो मोडला तर एकतर अपडेटच्या आधी बनवणाऱ्याच्या हातात नवी आवृत्ती द्या आणि पुरेसा वेळ द्या, नाहीतर घेणाऱ्याचे पैसे परत करा, मग खरेदीला २४ तास झालेले असोत की २४ महिने. बनवणारा कंटाळून निघून गेला तर तो मॉड चालू ठेवायचा की दुकानातून काढायचा हे तुम्ही ठरवा आणि घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. विक्रीला ठेवण्याआधी त्यात कोणाचं काय वापरलं आहे याची यादी मागा, त्या प्रत्येकाची परवानगी बघा, आणि वाटणी करायची असेल तर ती दुकानाच्या पातळीवर करा. पाच मॉडरांनी आपापसात हिशोब मिटवावा ही अपेक्षा सोडून द्या. यासाठी माणसं लागतील, ती नेमा. तुमचा ३० किंवा ४५ टक्के वाटा नेमका कशासाठी असतो मग? जुन्या गेमच्या जुन्या मॉड-वसाहतीत दुकान घुसवू नका. नव्या गेममध्ये पहिल्या दिवसापासून नियम सांगून मांडा, ज्याला पटेल तो येईल. दुरुस्तीचे, सुलभतेचे, दृष्टी किंवा ऐकण्याची अडचण असणाऱ्यांना खेळता यावं म्हणून बनवलेले मॉड विक्रीतून पूर्ण वगळा. ते काम मुळात तुमचं होतं. आणि मॉड बनवण्याची साधनं कधीही सशुल्क दुकानाच्या दाराआड नेऊ नका.

हे सगळं जड वाटत असेल तर एक सोपा मार्गही आहे: वाटा घेऊ नका. मॉडरला देणगी घेऊ द्या, आगाऊ आवृत्ती देऊ द्या, तुम्ही गेम विकून जे मिळवता त्यावर समाधान माना, जसं 'डूम'च्या काळात मानलं होतं. तुम्ही गल्ल्यावर नसाल तर मॉड बिघडल्यावर तुमच्याकडे बोट दाखवायला मी येणार नाही. खेळाडू आणि मॉडर आपसात बघून घेतील, आजवर घेतच आले आहेत.

पुढच्या वेळी तुम्ही असं दुकान उघडाल, आणि उघडणार आहातच, तेव्हा नियमावलीत मी सगळ्यात आधी रिफंडचं कलम आणि मॉड बिघडल्यावर कोणाशी संपर्क साधायचा ते कलम वाचणार आहे. तिथे मॉडरच्या पानाचा दुवा असेल तर मी खरेदी करणार नाही, आणि बाकीच्यांनाही तसंच सांगेन. तिथे तुमचा पत्ता असेल तर पहिल्याच दिवशी पैसे मोजायला तयार आहे.

कळावे,

आपला,
एक मॉड वापरणारा आणि थोडेफार बनवणारा